शेळीचा कान

वनखात्याच्या माणसाने आणलेल्या छापील कागदावर खाली चार ओळींची मोकळी जागा होती. वर छापलं होतं, जनावराच्या मालकाचे म्हणणे. त्याने मला दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा पदराशी चाळा करत राहिले. मग त्याने स्वतःच त्या जागेत लिहिलं, 'काही म्हणणे नाही', आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी सही केली.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. तेवढे तीन शब्द मला सरळ वाचता येत होते. वाचता येत नसतं आणि अंगठा उठवला असता, तर एवढं लागलं नसतं.

म्हणणं होतं. ते इथे लिहिते. मुलीची मागच्या वर्षीची वही अर्धी कोरी राहिली आहे, आणि दुपारी घरात कोणी नसतं.

आमचं गाव मोहोळच्या अलीकडे, माळावर. जमीन थोडी आहे, त्यात शाळूची ज्वारी होते. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे, त्याच्या पलीकडे वनखात्याचं राखीव गवताळ रान. दोन्हींच्या मधून एक ओढा जातो. शेळ्या चारायला मी गेली चौदा वर्षं त्या गायरानात जाते. लोकांत मला बोलता येत नाही. लग्नात, बचत गटात, शाळेत बाईंनी बोलावलं तर, घसा आवळल्यासारखा होतो. शेळ्यांमागे दिवस गेला तर कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडतं.

माझ्याकडे सात शेळ्या होत्या. त्यातल्या तीन माझ्या नणंदेच्या. नणंद यांच्यापेक्षा मोठी. तिचे मालक कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात आहेत. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये शेळ्या ठेवता येत नाहीत म्हणून तिने त्या माझ्याकडे अर्धलीने दिल्या. अर्धली म्हणजे शेळी तिची, राखण माझी; करडं झाली की एक तिचं, एक माझं. याला कागद नसतो. सगळा व्यवहार विश्वासावर. त्या विश्वासाची एक रीत आमच्याकडे चालत आली आहे. अर्धलीच्या शेळीच्या डाव्या कानाला मालकाची खूण कापलेली असते. कोणाची एक खाच, कोणाच्या दोन, कोणाचं टोक छाटलेलं. शेळी मेली, तर राखणदाराने तो खुणेचा कान कापून मालकाला नेऊन दाखवायचा. शेळी खरंच मेली, विकली नाही, याची ती साक्ष. माझ्या सासूने असे कान नेलेले मी पाहिले आहेत. एकदा मिठात घालून, पार वैरागपर्यंत.

नणंदेची खूण दोन खाचांची. दोन वर्षांपूर्वी सरकारी डॉक्टर गावात आले आणि त्यांनी सगळ्या जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारले. नणंदेच्या शेळ्यांना त्यांनी बिल्ला मारला तो डाव्याच कानात, खाचांच्या वर. तेव्हा कोणाच्याच मनात काही आलं नाही.

माघाचे दिवस होते. ज्वारी कणसात आलेली. दिवस कलायला लागला होता आणि मी बाभळीखाली उभी राहून आकडीने शेंगा पाडत होते. शेंगा पडायला लागल्या की शेळ्यांना दुसरं काही दिसत नाही, सगळ्यांची तोंडं जमिनीला. नणंदेची काळी शेळी जरा बाजूला होती. ती गाभण होती, बाकीच्या ढुशा देतात म्हणून ती नेहमीच कडेने खायची.

लांडगा ओढ्याकडून आला. तो धावत आला नाही. एखादं कुत्रं आपल्या कामाला निघाल्यासारखा, मान खाली घालून, सरळ चालत आला. मी त्याला पाहिलं आणि तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. माणसांपुढे निघत नाही तसाच तिथेही निघाला नाही. त्याने शेळीचा गळा धरला आणि मागे सरकत ओढायला लागला. मग मी आकडी फेकली. ती त्याच्या पाठीला लागली असावी. त्याने शेळी सोडली, दहा पावलांवर जाऊन उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, आणि आला तसाच गेला. बाकीच्या सहा शेळ्या गावाच्या दिशेने पळाल्या होत्या. काळी थोडा वेळ पाय झाडत होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. नंतर तिच्या पोटात करडू हललं, दोनदा, आणि ते पण थांबलं.

त्या वेळी ओरडले असते तर. हे मी रोज म्हणते.

घरी जाऊन यांना सांगितलं. हे माझ्याबरोबर आले. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही, पंचनामा होईपर्यंत तिथेच ठेवायचं, नाहीतर भरपाई मिळत नाही, एवढा नियम गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तो आम्ही पाळला. यांनी वनखात्याच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला उद्या येतो. आम्ही शेळीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. मग मी विळा काढला. यांनी शेळीचं डोकं धरलं आणि मी डावा कान मुळापासून कापला, बिल्ल्यासकट. आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की आपण काही चूक करतो आहोत. शेळी बहिणीची होती. बहिणीला उत्तर द्यायचं होतं. ते आधी, सरकारचं नंतर.

सकाळच्या जीपने मी मोहोळला गेले, तिथून रेल्वेने कुर्डुवाडी. कान स्टीलच्या डब्यात, मीठ आणि लिंबाचा पाला घालून. नणंदेच्या स्वयंपाकघरात ओट्यावर डबा उघडला. तिच्या मुलीने नाक धरलं आणि म्हणाली, मम्मी, हे फेक आधी. नणंदेने वाकून खाचा बघितल्या आणि म्हणाली, बरं. लांडग्यानं व्हय? मी मान हलवली. ती परत म्हणाली, बरं. मग तिने डबा तसाच क्वार्टरच्या मागे नेला आणि नाल्यात पालथा केला. कान, पाला, पिवळा बिल्ला, सगळं. डबा घासून मला परत दिला आणि चहा टाकला. चहा पिताना म्हणाली, फोन केला असतास तरी चाललं असतं की.

त्या 'बरं'चा अर्थ काय, हे मी परतीच्या गाडीत सगळ्या वाटेने शोधत होते. तिने मानलं, का नाही मानलं. नुसत्या विश्वासावर चाललेल्या व्यवहारात माणूस एवढं तोडून 'बरं' म्हणालं तर काय समजायचं.

मी घरी पोचले तेव्हा वनखात्याचा माणूस येऊन गेला होता. रात्रीत फांद्या बाजूला करून शेळी अर्धी खाल्ली गेली होती. त्याने फोटो काढले, दोरीने मापं घेतली, आणि यांना विचारलं, कान कुठे आहे. हे म्हणाले, कुर्डुवाडीला. त्याला वाटलं आपली चेष्टा करतात. दोन दिवसांनी तो माझा जबाब घ्यायला आला. माणूस वाईट नव्हता, वयाने लहान होता, घामाघूम झालेला, पाणी दोन तांबे प्यायला. म्हणाला, "ताई, लांडगा कान असा कापत नाही. हा हत्याराचा काप आहे. आणि बिल्ला नाही म्हणजे शेळी तुमची, हे मी कशावरून लिहू? तुम्हीच सांगा काय झालं."

मला सगळं सांगायचं होतं. अर्धली म्हणजे काय, खूण म्हणजे काय, माझी सासू वैरागला गेली होती ते. एवढं सगळं पोटात तयार होतं आणि घशाशी येऊन बसलं. हे माझ्याकडे बघत होते. हे तरी बोलतील असं मला वाटलं. यांना वाटलं मी बोलेन. मग ते तीन शब्द लिहिले गेले.

तो गेल्यावर हे मला म्हणाले, "कान कशाला कापलास पण तू?"

डोकं कोणी धरलं होतं, एवढंसुद्धा मी म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात वनखात्याचे मोठे साहेब आले आणि मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलावलं. त्या महिन्यात गावात आणखी दोन मेंढ्या आणि शेळीची एक लहान पाट गेली होती, माणसं चिडलेली होती. आम्ही बायका मागे भिंतीकडेला बसलो. आमच्या भावकीतला एक दीर आहे, त्याची मेंढरं आहेत, बोलण्यात गावात त्याचा हात कोणी धरत नाही. तो म्हणाला, परवाना द्या, दोन दिवसांत लांडगा दाखवतो. कोणी म्हणालं, मेलेल्या मेंढीत औषध घालून ठेवलं की झालं, बंदूक कशाला. साहेब म्हणाले, लांडगा मारला तर तुरुंग आहे, जामीन मिळत नाही. ते म्हणाले, माळावर लांडगे आता थोडेच राहिलेत, ते आहेत म्हणून रानडुकरं आणि हरणं आटोक्यात आहेत. त्यावर एक म्हातारा म्हणाला, आटोक्यात म्हंजी कुटं साहेब, माज्या शाळूत येऊन बगा. साहेबांनी सांगितलं, काटेरी कुंपणाचं वाडगं करा, राखणीला कुत्री ठेवा, अंधार पडायच्या आत जनावरं आणा. माझी शेळी तर ऊन असताना गेली होती. बसल्या जागी मला दोन्हीकडचा राग आला. साहेबाला लांडग्याचं पडलेलं, गावाला लांडगा मारायचं पडलेलं. ज्यांची शेळी गेली त्यांना काय पाहिजे, हे कोणी विचारत नव्हतं. मला परवाना नको होता. औषधही नको होतं. शेळी लांडग्यानेच मारली, एवढं कोणीतरी लिहून द्यायला पाहिजे होतं.

मग साहेब म्हणाले की खोटे अर्ज करू नका, त्याने खऱ्यांचं नुकसान होतं. आता याच गावात एका शेळीचा कान हत्याराने कापलेला निघाला. त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. दीर उठून म्हणाला, "साहेब, आमच्याकडचा लांडगा इळा घिऊनच हिंडतो की."

सगळे हसले. बायकासुद्धा. माझ्या शेजारी बसलेली, जिच्याबरोबर मी रोज पाण्याला जाते, ती तोंडाला पदर लावून हसली.

दीर नंतर घरी येऊन यांना म्हणाला, मी साहेबाला टोमणा मारला, वैनीला न्हाय. असेलही तसं. पण हसू माझ्यावर पडलं ते पडलंच.

त्याच पारावर आणखी एका गोष्टीवर वाद झाला होता. बीळ कुठे असेल. कोणी म्हणत होतं राखीव रानात, कोणी म्हणत होतं खडीच्या खाणीत, दोघे तर पैज लावायला निघाले. मी ऐकत होते. ओढ्याचं जिथे वळण आहे, तिथे एक पडका मातीचा बंधारा आहे. त्याच्या पोटात बीळ होतं. पौषापासून मला माहीत होतं. रोज त्या रानात जाणारी त्या सगळ्या जमावात मी एकटी, आणि एकानेही मागे वळून भिंतीकडे विचारलं नाही.

विचारलं असतं तर सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही. त्या दिवशी एवढा राग होता की सांगितलंही असतं. माझे सासरे जन्मभर शेळ्यामेंढ्यांत होते. ते बीळ दिसलं की वाट बदलायचे. म्हणायचे, घर मोडलेला लांडगा गावभर हिंडतो. घरात त्याचं नावही घ्यायचे नाहीत, 'रानातला' म्हणायचे. मी काही लांडग्याची कड घेत नाही. माझ्या मांडीवर शेळी गेली आहे. पण सासऱ्यांनी वाट बदलायला शिकवली होती, म्हणून मी बदलत होते, एवढंच.

पारावरचं बोलणं दोन दिवसांत कुर्डुवाडीला पोचलं. फोन सगळ्यांकडे आहेत. नणंदेने यांना फोन केला आणि म्हणाली, रविवारी येते, उरलेल्या दोन शेळ्यांचं काय ते बघू. यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, न्यायचं म्हणती.

दोन शेळ्या गेल्या असत्या तरी आम्ही उपाशी राहिलो नसतो. पण अर्धलीची जनावरं एकदा मालकाने ओढून नेली की गावात दुसरं कोणी देत नाही. का नेली, हे सगळ्यांना कळतं. तो शिक्का मग मुलीच्या लग्नापर्यंत पुसत नाही.

रविवारी ती आली. भाकरी खाल्ली, दूध हाटेलातल्यापेक्षा चांगलं आहे म्हणाली, मुलीचा अभ्यास विचारला. शेळ्यांकडे बघितलं, हात फिरवला. एकीला दिवस राहिले होते. मग उंबऱ्यावर बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कागदावर तूच लिवून दिलंस म्हनं. काय म्हननं न्हाय म्हनून."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग मी कोपऱ्यातली आकडी उचलली आणि म्हणाले, "चला वन्सं."

"कुटं?"

"चला की."

ती माझ्या मागे आली. शहरातल्या चपला, वाटेत दोनदा काटा भरला, तो उपटून पुढे चालली. ओढ्याच्या अलीकडे बोरीचं जाळं आहे, त्याच्या आड मी तिला बसवलं. वारा आमच्या तोंडावर होता. दिवस कलला होता, शेळी गेली तीच वेळ. बराच वेळ काही झालं नाही. ती उठायला लागली तसा मी तिचा हात धरून खाली ओढला. बंधाऱ्याच्या पोटातून एक पिल्लू बाहेर आलं, मग दुसरं, मग तिसरं, मातकट, कुत्र्याच्या पिल्लांसारखी, फक्त कान मोठे. एकमेकांच्या अंगावर पडत होती. मग मादी आली, ओढ्यातून, मान खाली घालून. त्याच चालीने. कोणीतरी आपल्या कामाला निघाल्यासारखी. तिच्या पाठीवर एका जागी केस उडालेले होते. माझ्या आकडीचं होतं की दुसरं काही, सांगता येणार नाही.

नणंदेचं बोट माझ्या मनगटात रुतलं होतं. हळूच म्हणाली, "एवडुशी हायत गं." आणि मग बऱ्याच वेळाने, "हिनंच?"

मी मान हलवली.

परत येताना ती गायरानाच्या मधोमध थांबली. "मग हे मला आदी का न्हाय सांगितलंस?"

"सांगाय आलेच व्हते की."

"कान घिऊन?"

"व्हय."

"मी कान मागितला व्हता का तुला?"

"न्हाय."

"मग?"

"तोंडानं सांगाय येत न्हाय मला, वन्सं."

तिने चपलेतली माती झटकली. मग म्हणाली, "अगं, कान बगून मला वाटलं, हिचा आपल्यावर इस्वास न्हाय. म्हनून पुरावा आणला." आणि जरा थांबून, "म्हनून मी बरं म्हनले."

म्हणजे दोघी दोन बाजूंनी तेच धरून बसलो होतो.

इथे संपलं असतं तर चांगलं झालं असतं. पण माझी नणंद गप्प बसणारी नाही. मला जेवढं कमी दिलं आहे, तेवढं तिला जास्त दिलं आहे. गावात शिरताना दीर पारावर बसलेला दिसला, त्याच्याबरोबर आठ-दहा जण. ती सरळ तिथे गेली आणि चप्पल काढून पारावर चढली. म्हणाली, "माज्या भावजयीला खोटं पाडतोस व्हय रं? इळा घिऊन हिंडतो म्हनं. जा, बगून ये, बंदाऱ्याखाली. तीन पिल्लं घिऊन बसलीय तुजी इळेवाली. मी ह्या डोळ्यांनी बगितलं."

मी खाली उभी होते. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी कोणी चार माणसांत बोललं होतं. माझे डोळे भरून आले. ते पुसून होईपर्यंत मला कळलंच नाही की त्याच वाक्यात बंधारा निघून गेला आहे.

दीर हसला नाही. तो म्हणाला, "बंदाऱ्याखाली व्हय. चुकलो आक्का." आणि शेजारच्याकडे बघितलं.

नणंद शेळ्या न घेता संध्याकाळच्या जीपने गेली. जाताना म्हणाली, दोन्ही तुझ्याकडेच राहू देत.

दिवेलागणीला किराणा दुकानापुढे माणसं जमली. हेही गेले. परत येऊन म्हणाले, उद्या सकाळी जायचं ठरलं आहे, मी काय करणार नाही, नुसता बघायला जातो. कोणाकोणाच्या घरून सुक्या मिरच्या गोळा झाल्या, तेही मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. बिळात धूर करायचा आणि तोंडावर दगड लावायचे. बंदुकीचा आवाज नको, औषधाची बाटली नको, कशाचा पुरावा राहत नाही.

हे हात-पाय धुवायला न्हाणीत गेले. यांचा फोन चुलीजवळ होता. पंचनाम्याच्या कागदाची प्रत देवळीत होती, तिच्यावर वनखात्याच्या माणसाचा नंबर होता. मी आकडे एकेक करून दाबले. मला लांडग्याची दया आली, असं मी लिहिणार नाही. मला सासऱ्यांचं बोलणं आठवलं, तेही होतं. पण खरं म्हणजे मला असं वाटत होतं, की माझं खरं ठरलं ते दुसऱ्याचं घर दाखवून. ते मला नको होतं. एवढं स्वस्त नको होतं.

तिकडून आवाज आला, "हॅलो. कोण?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो. बोला की, कोण बोलतंय?"

बंधारा. एवढा एक शब्द पुरला असता. मी भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले, ओठ हलवले. तो आणखी दोनदा हॅलो म्हणाला. मग मी फोन बंद केला. लगेच त्याचा उलटा फोन आला. हे ओल्या हाताने आले, फोन घेतला आणि म्हणाले, "चुकून लागला साहेब, पोरीनं दाबलं." मला काही विचारलं नाही. फोन उशाखाली ठेवून झोपले.

सकाळी मी भाकरी करत होते तेव्हा माळाच्या अंगाला धूर दिसला. सरळ वर चाललेला, वारा नव्हता. दुपारी हे आले. शर्टाला मिरचीचा खकाणा एवढा होता की मुलीला ठसका लागला. मी विचारलं, पिल्लं होती का आत. म्हणाले, काय की, धूरच लई होता. दुसरा एकजण पाण्यावर आपल्या बायकोला सांगत होता की मादीने रातोरात हलवली असणार, आत काहीच नव्हतं. तिसरा म्हणत होता, आवाज येत होता. मी बंधाऱ्याकडे गेले नाही. अजून गेलेली नाही. शेळ्या खालच्या अंगाला चारते.

तीन दिवसांनी वनखात्याचा माणूस आला. त्याने दगड काढून बघितले होते, आत काय दिसलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. घरोघर जाऊन विचारत होता. प्रत्येक घरी एकच उत्तर, आमाला काय म्हाईत न्हाय. आमच्या दारात आला, पाणी मागितलं. हे उंबऱ्यावर बसले होते. तो मला म्हणाला, "ताई, त्या संध्याकाळी तुमच्या नंबरवरून फोन आला होता."

हे म्हणाले, "पोरीनं..."

"मीच केला व्हता," मी म्हणाले.

आवाज इतका सरळ निघाला की मीच दचकले. यांनी माझ्याकडे बघितलं. तो थांबला, खिशातून पेन काढलं, कागद मांडीवर घेतला. "काय सांगायचं होतं?"

आता सांगून कोणाचा काय फायदा होता? बीळ गेलेलं. नावं सांगायची तर पहिलं नाव माझ्या दारात बसलेलं. मी म्हणाले, "तवा सांगायचं व्हतं. आता न्हाय." त्याने पेन तसंच धरून ठेवलं, मग टोपण लावलं. तांब्या खाली ठेवताना म्हणाला, शेळीची फाइल वर पाठवली आहे, पण कान नाही म्हणून ती अडणार.

चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. दीर अजून बोलत नाही. लांडगा संपला नाही. गेल्या पंधरवड्यात दिराच्याच दोन मेंढ्या गेल्या, आता गावाच्या खालच्या अंगाला, जिथे आधी कधी येत नव्हता. दिराने कान कापला नाही. बिल्ल्यासकट सगळं जागच्या जागी ठेवलं, पंचनामा नीट झाला, त्याचं मंजूर होईल म्हणतात. त्या दिवशी मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते. संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं.

त्या कागदावर चार ओळींची जागा होती. मी घरी मोजून लिहून बघितलं, बसतं.

शेळी लांडग्याने मारली, मी बघितलं, ओरडले नाही.
कान मी कापला, कारण शेळी दुसरीची होती.
बीळ मला माहीत होतं, ते मी दाखवलं.
फोन मी केला, बोलले नाही.

परवा नणंदेची शेळी व्याली. दोन पाटी झाल्या, एक तिची, एक माझी. तिच्या पाटीच्या कानाला खूण करायला पाहिजे, थोडी मोठी झाली की कान जाड होतो आणि रक्त जास्त येतं. डॉक्टर पुढच्या महिन्यात बिल्ले मारायला येणार आहेत. खूण या वेळी उजव्या कानाला करू का, हे तिला फोन करून विचारायचं आहे. रोज दुपारी फोन हातात घेते. अजून केलेला नाही.